‘कुणाला सांगू नका’ असं सांगणारा फोन

“एवढे शिकलेले तुम्ही, आणि असे कसे फसलात हो?” फसवणुकीची बातमी कळली की लोक आधी हेच विचारतात. हातात चहाचा कप असतो, चेहऱ्यावर कळवळा असतो, आणि ‘आम्ही असतो तर फसलो नसतो’ हे न बोलता सांगून होतं. माझ्या थोरल्या भावाला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की त्याने संध्याकाळचं फिरायला जाणं सोडलं.

दादा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला. ठेकेदाराचं बिल पेन्सिल घेऊन ओळ न ओळ तपासणारा माणूस. विजेच्या बिलावरचा आकडा आजही मीटरशी ताडून बघतो. मी त्याची धाकटी बहीण. सगळी नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. साताऱ्यात आमची घरं एकाच पेठेत, मधे दोन गल्ल्या. तरी २०२४च्या पावसाळ्यात तो दोन दिवस मागच्या खोलीत व्हिडिओ कॉलसमोर बसून राहिला, ठेवी मोडून साडेअकरा लाख रुपये भलत्याच खात्यांत गेले, आणि मला गंधवार्ता नव्हती.

नंतर पोलीस ठाणं, बँक आणि कोर्ट अशा सगळ्या फेऱ्यांत मी त्याच्याबरोबर होते. ‘मॅडम बँकेत होत्या’ म्हणून पेठेतले लोकही आपापली रडगाणी घेऊन येतात. त्यातून जे कळलं ते मांडते.

१. लोभ नसलेला माणूसही फसतो

लॉटरी लागली, पैसे दुप्पट होतील, अशा आमिषाला भुलणारेच फसतात, हा आपला लाडका समज. तो सोयीचाही आहे, कारण स्वतःला लोभी कोण समजतं? दादाला कुणी दुप्पट पैशांची गोष्ट सांगितली असती तर त्याने फोन आपटला असता. त्याच्याकडे आधी आला एक यांत्रिक आवाज: तुमचा मोबाईल नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी नऊ दाबा. नऊ दाबल्यावर एक नम्र मुलगी बोलायला लागली. “सर, तुमच्या आधारवर मुंबईत दुसरं सिम घेतलंय, त्यावरून लोकांना घाणेरडे मेसेज गेलेत. तुम्ही घेतलं नसेल तर लगेच पोलिसांना कळवून टाका, मी जोडून देते.” म्हणजे बघा, ती मदतच करत होती!

पुढे व्हिडिओ कॉल. खाकी वर्दीतला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ, टेबलावर फायली, मधूनच वॉकीटॉकीची खरखर. पहिल्याच वाक्यात त्याने दादाचा आधार क्रमांक, पत्ता, वडिलांचं नाव घडाघडा वाचून दाखवलं. सगळं बरोबर. सिमचं प्रकरण दहा मिनिटांत मागे पडलं आणि ‘तुमच्या नावावरच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय’ हे प्रकरण पुढे आलं.

जन्मभर सरकारी नोकरी केलेला माणूस कशाला घाबरतो? चौकशीला. पेन्शन अडकायला. दादाच्या नोकरीत एकदाही खातेनिहाय चौकशी लागली नाही, याचा त्याला अभिमान आहे. समोरच्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण निवृत्त सरकारी नोकराची दुखरी शीर कुठे असते ते त्याला पक्कं माहीत होतं.

त्याच सुमाराला वर्धमान या वस्त्रोद्योग समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना अशाच टोळीने ७ कोटींना गंडवलं. वय ८२, पद्मभूषण मिळालेले, हजारो लोकांचे पोशिंदे. त्यांच्यासाठी तर ऑनलाइन ‘सर्वोच्च न्यायालय’ भरवलं होतं, त्यात सरन्यायाधीशांचा तोतया बसवला होता. सव्वापाच कोटी पोलिसांनी सोडवून आणले. सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गेले, असं सरकारनेच संसदेत सांगितलंय. एका वर्षात देशातला मूर्खपणा तिपटीने वाढला, असं म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

२. फोनवर अटक होत नाही

हे वाक्य दादाला आता पाठ आहे. तेव्हा त्याला ‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द इतका रीतसर वाटला, की नवीन कायद्यात आलं असेल अशी त्याने स्वतःची समजूत घातली. १ जुलै २०२४ला नवी फौजदारी संहिता लागू झाली होती, पेपरात रोज तेच होतं. चोरांनी मुहूर्त छान साधला. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत अशी काही अटक नाही, आधीच्या कायद्यातही नव्हती. पोलीस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवत नाहीत. निर्दोष ठरण्यासाठी पैसे ‘पडताळणीला’ पाठवा, असं कुठलंही कोर्ट म्हणत नाही. चौकशीला बोलावण्याची जी कलम ३५ची नोटीस असते, ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांनाच बजावलंय.

दादाला आलेलं पत्र मी पाहिलं. त्यावर राजमुद्रा होती, जावक क्रमांक होता, सही-शिक्का होता. इंग्रजी मात्र अगदी गचाळ. एरवी दादाने लाल पेनने खुणा केल्या असत्या. पण भ्यालेला माणूस व्याकरण बघत नाही. न्यायालयाचे असे खोटे आदेश देशभर इतके फिरले, की ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला.

काय करायचं? फोन ठेवायचा. बस. “साहेब, मी आमच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारते,” एवढं म्हणून ठेवला तरी चालेल. उलट काही न म्हणता ठेवला तर उत्तमच. आपल्या पिढीला बोलणं अर्धवट टाकून फोन ठेवणं उद्धटपणाचं वाटतं, आणि ही सभ्यता त्या लोकांच्या फार उपयोगी पडते.

३. ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं की समजायचं

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. वर्दी, शिक्के, नंबर हे सगळं दर सहा महिन्यांनी बदलतं. ही एक अट बदलत नाही.

दादाला पहिल्या तासातच सांगितलं होतं: हे राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण आहे, घरात बोललात तर बायकोचंही नाव येईल. आणि बँकेतले लोक यात सामील आहेत, तेव्हा त्यांना तर अजिबात कळता कामा नये. म्हणजे सख्खी बहीण बँकेतली, दोन गल्ल्यांवर, आणि नेमकी तीच वर्ज्य! वहिनीला त्याने सांगितलं, ‘पेन्शनची ऑनलाइन पडताळणी चाललीय, आत येऊ नकोस.’ रात्री फोन उशाशी उभा करून, कॅमेरा चालू ठेवून तो झोपला. झोपला म्हणजे पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी शाखेत आरटीजीएसचा फॉर्म भरताना तिथल्या अधिकाऱ्याने विचारलंही, “काका, एवढी रक्कम कशासाठी?” उत्तर पढवलेलं होतं: पुण्यात फ्लॅट बुक करतोय. आयुष्यात खोटं प्रवासबिल न लावलेला माणूस काउंटरवर उभा राहून धडधडीत खोटं बोलला. मला पैशांपेक्षा याचं जास्त वाईट वाटतं, आणि त्यालाही.

काउंटरच्या पलीकडे मी वर्षानुवर्षं बसले. ‘कशासाठी काढताय?’ असं विचारलं की गिऱ्हाईक बिथरतं. “माझे पैसे आहेत, मी काय वाटेल ते करीन, तुम्हाला काय करायचंय?” खरंय, पैसे तुमचेच. पण हा प्रश्न आता आगाऊपणा म्हणून घेऊ नका. तुमच्या आणि चोराच्या मधे पडणारं ते शेवटचं माणूस असतं.

माझ्या ओळखीच्या एका शाखेत घडलेली गोष्ट सांगते. एक निवृत्त शिक्षिका मुदत ठेव मोडायला आल्या. पर्स काउंटरवर उघडी ठेवलेली, एरवी बायका पर्स काखेत घट्ट धरतात. बोलताना बाई सारख्या पर्सकडे बघत होत्या. काउंटरवरच्या मुलीने पैसे काढायची स्लिप उलटी केली, मागे लिहिलं, ‘फोन चालू आहे का?’ आणि स्लिप सरकवली. बाईंनी मान हलवली. मुलीने पुढे लिहिलं, ‘पोलीस म्हणतायत का?’ बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग ती मुलगी मोठ्याने म्हणाली, “मॅडम, सिस्टिम डाउन आहे, आज काही होणार नाही,” आणि काउंटरला वळसा घालून बाहेर आली, पर्समधला फोन उचलून बंद केला. सिस्टिम डाउन आहे हे वाक्य आम्ही बँकवाल्यांनी आयुष्यभर शिव्या खात उच्चारलं. इतकं सत्कारणी ते त्याच दिवशी लागलं असेल.

आमच्या घरी हे काम वहिनीने केलं, तेही उशिरा. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, “वन्सं, हे दोन दिवस धड जेवले नाहीत. संडासातसुद्धा फोन घेऊन जातात. विचारलं की डोळे वटारतात.” मी चप्पल घालून निघाले.

४. आधी १९३०, मग रडणं

मी पोचले तेव्हा कॉल चालूच होता. त्या ‘साहेबाने’ मला बघितलं आणि ओळखपत्र मागितलं! मी फोन बंद केला. दादा ओरडला, “अगं, आता पोलीस येतील!” येऊ देत म्हटलं, चहा ठेवू.

१९३० हा गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा देशभर चालणारा क्रमांक. तो लागेपर्यंत दम धरावा लागतो. एकाने तिथे लावत बसायचं, तेवढ्यात दुसऱ्याने बँकेला कळवायचं. आपण एकटे असू तर आधी १९३०. तिथे विचारतात ते हाताशी ठेवा: कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून, किती, केव्हा, आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. बँकेच्या मेसेजमध्ये किंवा पासबुकातल्या नोंदीत तो सापडतो. मग सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर रीतसर तक्रार पूर्ण करायची. स्क्रीनशॉट, चॅट, तो घाणेरडा नंबर, काहीही पुसायचं नाही. पुष्कळ जण लाजेपोटी आधी चॅटच उडवतात, आणि मग दाखवायला हातात काही उरत नाही.

घाई कशासाठी, हे दादाने मला त्याच्याच भाषेत समजावलं. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून पोटचारी; एकदा पाणी पोटचारीत शिरलं की शेतात मुरायला वेळ लागत नाही. पैसाही पहिल्या खात्यातून चार खात्यांत, तिथून दहा-वीस खात्यांत, आणि शेवटी कुठल्या तरी गावच्या एटीएममधून रोकड. १९३०वर तक्रार नोंदली की त्या त्या बँकेला निरोप जातो आणि जिथे पैसा असेल तिथे तो गोठवतात. चोरही घड्याळ लावून बसलेला असतो. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतात. आपल्या सोयीचं ते त्याच्याही सोयीचं. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणण्यात रात्रभराची चारी उघडी राहते.

पहिल्या दिवशी दादाने नेटबँकिंगवरून पाठवलेले चार लाख केव्हाच मुरले होते. दुसऱ्या दिवशीच्या साडेसात लाखांतले पावणेतीन अडकले. अडकले म्हणजे लगेच मिळाले असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज, पोलिसांचं म्हणणं, आदेश, मग त्या परगावच्या बँकेला तो आदेश पोचवणं. पाठपुरावा न केल्यास फाईल जागची हलत नाही. दादाचा तपासणारा स्वभाव इथे कामी आला. प्रत्येक कागदाची पोच त्याच्याकडे आहे.

५. बँक भरून देईल का?

हे मला रोज कुणी ना कुणी विचारतं. खरं उत्तर सगळ्यांना आवडत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने सूत्र घालून दिलं. तुमचीही चूक नाही, बँकेचीही नाही, मधल्या कुठल्या यंत्रणेत घोळ होऊन पैसे गेले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला कमाल १० हजारांपर्यंत तुमचा वाटा. बँकेचाच निष्काळजीपणा असेल तर पूर्ण बँकेचं. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून फोनवर सांगून थांबू नका. लेखी द्या, पोच घ्या, वेळ घालून घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही.

दादाने स्वतः सही करून पैसे पाठवले होते. त्याला यातलं काही लागू झालं नाही. तरी बँकांचं मी समर्थन करणार नाही. सत्तरीतला ग्राहक, आयुष्यात कधी मोठी रक्कम बाहेर न पाठवलेला, एका दिवसात दोन ठेवी मोडून अनोळखी खात्याला पैसे पाठवतो, तेव्हा संगणकाने एक तास तरी अडवून धरायला हवं. कर्ज विकायचं असलं की याच संगणकाला आपला वाढदिवससुद्धा लक्षात असतो.

६. पैसे घ्यायला पिन लागत नाही

एवढंच. जुना सोफा विकायला काढलेल्या शेजारच्या मुलाला ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, ॲडव्हान्स पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा’ असा फोन आला आणि सोफा राहिला घरात, वर १९ हजार गेले. यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो. पैसे मागण्याची जी ‘कलेक्ट’ विनंती व्यक्तीने व्यक्तीला पाठवता यायची, ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर अजून आहेच.

७. लग्नपत्रिका उघडू नका

म्हणजे आहेर घेऊन लग्नाला जरूर जा. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रिकेच्या फाईलच्या नावामागे ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ॲप आहे. हीच गोष्ट आरटीओच्या चलानाच्या, गॅसच्या बिलाच्या, शेतकरी सन्मानच्या हप्त्याच्या फाईलची. ते ॲप एकदा का मेसेज वाचायची परवानगी घेऊन बसलं, की ओटीपी तुम्ही कुणाला सांगायची गरजच उरत नाही. तो परस्पर जातो. आमच्या दूधवाल्याच्या फोनवर गाडीच्या दंडाची अशी फाईल आली. त्याने उघडली आणि तासाभरात त्याच्याच नंबरवरून पेठेतल्या पन्नास घरांना तीच फाईल गेली. दूधवाल्याने पाठवलं म्हटल्यावर कोण संशय घेणार?

उघडलीच चुकून, तर त्या फोनचं इंटरनेट ताबडतोब बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा, आणि मग फोन जाणत्याकडून साफ करून घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग चालू झालेलं नाही ना, तेही बघा. कारण बँकेचा खात्री करणारा फोनसुद्धा चोराकडे वळवलेला असू शकतो. स्टार-हॅश दाबून कॉल वळवायची सोय दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला लावली, ती याचसाठी.

८. नंबर ओळखायला शिका, पण त्यावर विसंबू नका

बँका आणि वित्तसंस्थांनी ग्राहकांना करायच्या कामाच्या कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक ठेवलेत, जाहिरातीसाठी १४०. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं: जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’, सरकारीला ‘जी’. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते डॉट बँक डॉट इन ने संपतात. दहा आकडी साध्या मोबाईलवरून ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार’ असा मेसेज आला तर निवांत जेवा. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. कार्डाच्या मागे, पासबुकावर छापलेला असतो तो वापरा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं, संशयित कॉलची तक्रारही तिथे करता येते. दादाच्या नावावर एकच सिम निघालं. ते मुंबईचं दुसरं सिम कधी नव्हतंच.

९. फसलेल्याला बोलू नका. दुसरा चोर वाटेवर आहे

आम्ही पोलीस ठाण्यातून घरी आल्यावर माझा भाचा, दादाचा मुलगा, पुण्याहून तडक आला आणि दारातच म्हणाला, “बाबा, तुम्हाला हजार वेळा सांगितलं होतं!” त्याचाही जीव जळत होता, मला कळतं. पण दादा नंतर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही, आणि त्याच आठवड्यात त्याला आणखी एक फोन आला. “सर, तुमची तक्रार आमच्याकडे आलीय. रक्कम सापडली आहे. सोडवून घ्यायला प्रक्रिया शुल्क १२ हजार.” एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. दादा ते १२ हजार भरायच्या बेतात होता. का? मुलाला दाखवायचं होतं, की बघ, माझे पैसे मीच परत मिळवले.

या वेळी त्याने वहिनीला विचारलं. वहिनीने मला. फोन कट.

लाज वाटली की माणूस गप्प बसतो, आणि गप्प माणूसच चोराला हवा असतो. म्हणून मी भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं, तुझी हजार व्याख्यानं नंतर दे, आधी बाबांना म्हण, ‘बरं झालं सांगितलंत.’ तो म्हणाला. अवघडून म्हणाला, पण म्हणाला.

१०. चोर कुठला? कधी कधी आपल्याच गल्लीतला

‘हे सगळे झारखंडचे, जामताऱ्याचे’ असं पूर्वी बोलायचे. आता पसारा म्यानमार आणि कंबोडियापर्यंत गेलाय. चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेली आपल्याकडची पोरं तिथल्या कुंपणाआड बसून रोज आपल्यासारख्यांना फोन करतात. नाही केले तर मार खातात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या म्यावाडीतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. दादाशी बोलणारी ती नम्र मुलगी त्यांच्यातलीच असेल का, हा विचार येतो. राग कमी होत नाही, पण कुणावर काढायचा ते कळेनासं होतं.

पण पैसा मुरतो तो इथेच. दादाचे पैसे ज्या पहिल्या खात्यात गेले, ते आपल्याच राज्यातल्या एका कॉलेजच्या पोराचं होतं. कुणीतरी त्याला सांगितलं, खातं उघड, एटीएम कार्ड आणि सिम आम्हाला दे, महिन्याला पाच हजार घे. त्याला वाटलं, खातं रिकामंच तर आहे, माझं काय जातंय? आता त्याच्यावर गुन्हा आहे. कोर्टाच्या आवारात त्याची आई मी पाहिली. हातातली प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून बाकावर बसली होती, आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक काळ्या कोटाला ‘साहेब’ म्हणत होती.

बँकेत असताना खातं उघडायला येणाऱ्या पोरांना मी विचारायची, खातं कशासाठी? बहुतेक जण ‘स्कॉलरशिप’ म्हणायचे. आता कॉलेजातल्या मुलामुलींच्या आईवडिलांना मी एकच सांगते: पोराच्या नावावर खाती किती आणि कार्डं कुणाकडे, हे एकदा विचारा. मोटारसायकल कुणाला देतो ते विचारता ना?

११. घरात आता असं चालतं

दादाच्या बचत खात्यात महिन्याच्या खर्चापुरतंच ठेवायचं. यूपीआयची रोजची मर्यादा पाच हजार. ठेव मोडायची तर शाखेत जाऊन, आणि बरोबर वहिनी किंवा मी. दादाला हे आधी अपमानास्पद वाटलं. मग वहिनी म्हणाली, “अहो, धरणाचा दरवाजा उघडायचा तर तुमच्या खात्यात एकट्याची सही चालायची का?” त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. फ्रिजवर १९३० लिहिलेला कागद आहे, वहिनीच्या अक्षरात. माझा नंबर त्याखाली.

तुमचे आईवडील गावी एकटे राहत असतील, तर आज त्यांना फोन करा. ‘सावध राहा’ एवढंच म्हणून ठेवून देऊ नका. असं सगळे म्हणतात आणि त्याने काही होत नाही. कुणी पोलीस म्हणून, बँक म्हणून, कुणीही म्हणून ‘घरात सांगू नका’ म्हणालं, तर पहिला फोन मला करा, रात्री दोनलाही करा, मी ओरडणार नाही, असं त्यांना सांगा. आणि १९३० हा आकडा त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.